उंचीआधी सांधा

चौकात काही नवं उभं राहणार असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न उंचीचा असतो. किती फुटी? एकदा आकडा मिळाला की बाकीचे प्रश्न आपोआप मिटतात. आत सांगाडा कसला, पत्रा कोणत्या जातीचा, वेल्डिंग कुणी केलं, पाच वर्षांनी वर चढून कोण बघणार, यातलं काहीच निमंत्रणपत्रिकेवर छापायचं नसतं, म्हणून ते कुणी विचारतही नाही. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नांचं आहे. सार्वजनिक जागेत उभी राहणारी स्टेनलेस स्टीलची मोठी शिल्पं कशी करावीत हा त्याचा विषय. ती बीड जिल्ह्यात, इथल्या हातांनी, इथल्या उन्हावाऱ्याचा आणि मातीचा हिशोब धरून करता येतील, हा त्याचा आग्रह. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: अशा शिल्पाचं आयुष्य त्याच्या सांध्यांवर ठरतं. पत्र्याचा पत्र्याशी, कातडीचा सांगाड्याशी, सांगाड्याचा पायाशी, आणि शेवटी करणाऱ्याचा सांभाळणाऱ्याशी, असे हे चार सांधे.

मालवणचा धडा अजून ताजा आहे. राजकोट किल्ल्यावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी झालं आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. मधे नऊ महिनेही गेले नव्हते. नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागानं आधीच पाठवलं होतं, हे नंतर बाहेर आलं. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढे आली. आपण मंजुरी दिली ती सहा फुटी मातीच्या प्रतिकृतीला, असं कला संचालकांनी त्या वेळी सांगितलं. उभा राहिलेला पुतळा मात्र 35 फुटी होता.

या दोन आकड्यांमधलं गणित प्रत्येक नगरपालिकेच्या बांधकाम विभागात भिंतीवर लावण्यासारखं आहे. सहाचे पस्तीस म्हणजे उंची जवळजवळ सहापट. पण आकार तोच ठेवून उंची एवढी वाढवली की वारा अडवणारी बाजू 34 पट होते, आणि बुडाशी शिल्पाला उलथवू पाहणारा जोर सुमारे 200 पट. मातीच्या प्रतिकृतीवरून चेहरा जुळतो का, पोशाख बरोबर आहे का, एवढं सांगता येतं. त्या दोनशेपट जोराबद्दल ती गप्प असते. पुढे 2025 मध्ये त्याच जागी राम सुतार यांच्या कार्यशाळेनं केलेला 60 फुटी पुतळा उभा राहिला. तो ब्राँझचा आहे, पण त्याच्या आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा आहे. बाहेरून कुणाला न दिसणाऱ्या भागावर असा खर्च करावा लागतो, हे शहाणपण आपल्याला बरीच किंमत मोजून मिळालं.

हे शहाणपण जगालाही उशिराच आलं. न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता 1886 मध्ये उभी राहिली तेव्हा तिची कातडी तांब्याची आणि आतल्या पट्ट्या लोखंडाच्या होत्या. दोन वेगळे धातू, मधे समुद्राची ओल. शंभर वर्षांत लोखंड फुगलं, पापुद्रे सुटले, आणि 1984 ते 1986 या काळात त्या पट्ट्या काढून 316-एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. पॅरिसच्या 1937 च्या प्रदर्शनासाठी वेरा मुखिना यांनी केलेलं 'कामगार आणि शेतकरी स्त्री' हे सोव्हिएत शिल्प तर बाहेरूनच स्टेनलेसचं, जवळपास 24 मीटर उंच. मॉस्कोत अनेक दशकं काढल्यावर 2003 मध्ये ते उतरवलं आणि 2009 मध्ये पुन्हा उभारलं, तेव्हा आतला सांगाडा नवा करावा लागला. कातडी टिकली, हाडं गेली. या पुस्तकातली सगळ्यात मोठी प्रकरणं हाडांवर का आहेत, याचं कारण एवढ्यात आलं.

आता बीडचं काय? या जिल्ह्यात शिल्पाची परंपरा दगडाची आहे. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात बालाघाटाच्या काळ्या पाषाणातून लेणं कोरताना अंगणात हत्ती तसेच राखून ठेवले. तिथे जोड नाही, म्हणून सुटण्यासारखंही काही नाही. बीड शहराच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाच्या देवळासमोर दोन अष्टकोनी दीपमाळा आहेत, सुमारे 70 फूट उंच. त्यांच्या अंगावर माणसांच्या, देवदेवतांच्या आणि प्राण्यांच्या आकृती आहेत. इथे मात्र घडवलेल्या दगडावर दगड बसवलेला आहे, म्हणजे सांध्यांचं काम आलंच. सार्वजनिक जागेत, लांबून दिसावं म्हणून उभं केलेलं उंच शिल्प या जिल्ह्याला नवं नाही. नवा आहे तो धातू.

आणि धातूचे हातही इथे आहेत, फक्त त्यांच्याकडे कुणी त्या नजरेनं पाहिलेलं नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्रानं या भागात बॉयलरच्या नळ्या जोडणारे वेल्डर रुजवले. तेलगाव, गढी, पांगरी, अंबाजोगाई परिसरातल्या साखर कारखान्यांत गळीत संपलं की दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. रस आटवणाऱ्या यंत्रांतल्या स्टेनलेसच्या नळ्या बदलायच्या, टाक्यांना ठिगळं मारायची, पाइपांचे बाक नव्यानं बसवायचे. दुधाच्या टाक्या, मंगल कार्यालयांची भांडी, जिन्यांचे कठडे, उसाच्या ट्रॉल्या हे सगळं इथल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होतं. ज्याला दाबाखाली चालणाऱ्या नळीचा सांधा गळू न देता मारता येतो, त्याला शिल्पाचा सांधा अवघड नाही. त्याच्याकडे नाही ते रेखाटन, आणि 'कठड्यापेक्षा वेगळं काही करून दे' असं म्हणणारं गिऱ्हाईक.

शिल्पकार आणि कारखाना यांची ही जोडी महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांनी केला, 1928 मध्ये त्याचं अनावरण झालं, आणि ब्राँझचं ते ओतकाम मुंबईत माझगावच्या गोदीत झालं. जहाजांच्या कारागिरांशिवाय तो घोडा उभा राहिला नसता. पुढे पिलू पोचखानवाला यांनी भंगारातल्या धातूला मुंबईत शिल्पाचं रूप दिलं. अलीकडे अर्झान खंबाटा धातूच्या पत्र्यातून मोठी कामं करतात, आणि वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टी यांची पंख फुटलेली डबलडेकर बस उभी आहे. दिल्लीत 'एम्स'च्या उड्डाणपुलाशी विभोर सोगानी यांचे स्टेनलेस स्टीलचे चाळीस फुटी 'स्प्राउट्स' 2008 पासून आहेत. सुबोध गुप्ता यांनी तर घरोघरच्या स्टीलच्या भांड्यांनाच शिल्प केलं. मराठवाड्याच्या चौकांत ही भाषा अजून फारशी पोचलेली नाही.

आता सामानाकडे वळू. स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज अर्धाच खरा. लोखंडात पुरेसं क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा एक थर बसतो. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसणं शक्य नाही. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजननं तो पुन्हा भरून येतो. हा थर टिकेल तेवढं स्टेनलेस टिकतं. तेव्हा सगळा प्रश्न तो कशानं तुटतो आणि पुन्हा का जुळत नाही, हा आहे.

बाजारात 202, 304 आणि 316 हे तीन आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते खाऱ्या हवेत तग धरतं. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं आणि घरातल्या कठड्याला चालून जातं, पण उघड्यावर दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस डाग धरतं. फसवणूक होते ती चुंबकामुळे. 'चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल' अशी परीक्षा दुकानात सर्रास करून दाखवतात. पण 202 लाही चुंबक चिकटत नाही. ती परीक्षा 304 आणि 202 यांत फरक करूच शकत नाही. त्यासाठी रसायनाच्या थेंबाची चाचणी किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि पोलाद गिरणीचं चाचणीपत्र पत्र्यावरच्या हीट नंबरशी, म्हणजे ओतणीच्या क्रमांकाशी, जुळवून घ्यावं लागतं. निविदेत 'एस.एस.' एवढी दोन अक्षरं लिहून थांबणं म्हणजे 202 ला आमंत्रण.

बीड समुद्रापासून लांब आणि कोरडं. इथे 304-एल पुरेसं आहे. 'एल' म्हणजे कमी कार्बनचं. जाड पत्रा वेल्ड करताना सांध्याशेजारी एक पट्टा असा तापतो की कार्बन तिथलं क्रोमियम स्वतःकडे ओढून घेतो आणि तेवढी जागा उघडी पडते. कार्बनच कमी असला की हा धोका टळतो. कारंज्याभोवती मात्र 316 घ्यावं. आपल्याकडे कारंजी बहुधा बोअरच्या पाण्यावर चालतात. क्षारांचं पाणी उन्हानं आटतं, मागे मीठ राहतं, पुन्हा पाणी येतं, पुन्हा आटतं. पाण्याच्या रेषेवर साठत जाणारं हे मीठ 304 ला सुईएवढी भोकं पाडू शकतं.

पहिला सांधा पत्र्याचा पत्र्याशी. इथल्या शेडमध्ये ज्याला नुसतं 'आर्गॉन' म्हणतात ते वेल्डिंग या कामाला योग्य. स्टेनलेस उष्णता वाहून नेण्यात आळशी आहे. साध्या लोखंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश. शिवाय तापलं की फुगतं जास्त. त्यामुळे एका टोकापासून सरळ वेल्ड मारत गेलं तर पत्रा तव्यावरच्या पापडासारखा उचलतो, आणि नंतर कितीही ठोकलं तरी ती लाट जात नाही. म्हणून आधी जवळजवळ टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारायचे, मग थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला, असं आलटून पालटून भरत जायचं. सांध्याच्या मागच्या बाजूलाही आर्गॉन सोडावा लागतो. तो वाचवला तर मागे काळी, खडबडीत पुरळ येते. बाहेरून शिल्प चकचकीत दिसतं, आणि आत शिरलेलं पावसाचं पाणी त्या पुरळात मुक्काम करतं.

सांध्यावर उमटलेले निळे-जांभळे रंग बघायला सुंदर असतात, पण तिथला संरक्षक थर बिघडल्याची ती खूण आहे. ते आम्लानं धुऊन काढावे लागतात, मगच थर नीट बसतो. आणखी एक गोष्ट, जी सांगून समजत नाही आणि एकदा अनुभवली की विसरत नाही: साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर चालवली, की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच पावसात ठिपके उमटतात. लोक म्हणतात, स्टेनलेस गंजलं. गंजलेलं असतं ते शेजारच्या ट्रॉलीचं लोखंड. ज्या शेडमध्ये दोन्ही कामं चालतात तिथे चकत्या, ब्रश, टेबल सगळं वेगळं हवं.

कारागिराच्या फुप्फुसांचाही हिशोब यात धरायला हवा. स्टेनलेस वेल्ड करताना निघणाऱ्या धुरात क्रोमियमचं जे रूप असतं ते कर्करोगकारक आहे. सांधे धुण्याच्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीवर पडलं तर आधी फारसं दुखत नाही आणि आत खोल जातं. तोंडाला गमछा बांधून ही कामं करायची नसतात. धूर ओढणारा पंखा, योग्य मास्क, हातमोजे आणि या आम्लाच्या भाजण्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहिला पाहिजे, म्हणजे दर पाडताना तो सगळ्यात आधी कापला जाणार नाही.

दुसरा सांधा कातडीचा सांगाड्याशी. इथे बीडचं ऊन कामाला लागतं. हिवाळ्यातल्या पहाटेचा पत्रा आणि मे महिन्यातल्या दुपारचा पत्रा यांच्या तापमानात 50 अंशांचा फरक सहज पडतो. सहा मीटर लांबीची स्टेनलेसची पट्टी तेवढ्यात सुमारे 5 मिलिमीटर वाढते. साध्या लोखंडाची साडेतीनच्या आसपास. दोन्ही एकमेकांना घट्ट वेल्ड केलेली असली तर हा दीड मिलिमीटरचा तंटा रोज दिवसा आणि रात्री सुरू राहतो, आणि कधीतरी सांधा तडकतो. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या शिकागोतल्या 'क्लाउड गेट'मध्ये याचं उत्तम उत्तर आहे. 168 पत्रे, सुमारे 100 टन वजन, आणि एकही सांधा दिसत नाही. पण ती कातडी आतल्या सांगाड्याला जखडलेली नाही. थंडी-उन्हात तिला स्वतंत्रपणे सरकता येईल अशा जोडण्या आत ठेवल्या आहेत. शिल्प 2004 मध्ये लोकांना दाखवलं गेलं, सांधे घासून पूर्ण व्हायला 2006 उजाडलं. नुसत्या सांध्यांच्या घासकामासाठी एवढं थांबले! आपल्याकडे अनावरणाची तारीख आधी ठरते आणि घासकामाला उरलेले दिवस मिळतात.

लोखंडी सांगाडा घ्यायचाच असेल तर दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनची चकती घालून त्यांचा थेट स्पर्श तोडावा, आणि बोल्ट स्टेनलेसचेच वापरावेत. मोठ्या स्टेनलेस पत्र्यात लहानसा लोखंडी बोल्ट ही सगळ्यात वाईट जोडी. ओल आली की सगळा गंज त्या बोल्टाच्या वाट्याला येतो. स्टेनलेसचा बोल्ट टाळून वाचणारे पैसे अंदाजपत्रकात दिसणारही नाहीत इतके थोडे असतात.

तिसरा सांधा सांगाड्याचा जमिनीशी. एक साधा हिशोब घेऊ. 3 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पत्र्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 24 किलो. 60 चौरस मीटर कातडीचं शिल्प धरलं तर कातडी भरते दीड टनाला थोडी कमी. आता वळवाचा वारा. ताशी 140 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 90 किलोच्या वर जातो. समोरची बाजू 20 चौरस मीटर असली तर आडवा जोर होतो पावणेदोन टनांपेक्षा जास्त, कातडीच्या वजनाहून अधिक. दगडी दीपमाळ स्वतःच्या वजनानं जागेवर राहते. पोकळ पोलादी शिल्पाला ती सोय नाही. त्याचा पाया त्याला पेलण्यापेक्षा धरून ठेवण्यासाठी असतो. शिवाय गोदाकाठच्या आणि सिंदफणेकाठच्या काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या पट्ट्यात कुणाला भूकंपाचा विचार वेगळा सांगायला नको. आणि वीज पडण्याच्या बातम्या दर मोसमात वाचणाऱ्या जिल्ह्यात उंच धातूच्या शिल्पाला अर्थिंग नसणं हा गुन्हाच समजावा.

चकाकीबद्दल थोडं. आरसा-पॉलिशचा मोह सगळ्यांना होतो. लॉस एंजेलिसमधल्या वॉल्ट डिस्नी संगीतगृहाच्या वळणदार चकचकीत पत्र्यांनी समोरच्या घरांमध्ये इतकं ऊन फेकलं, की 2005 मध्ये ते पत्रे घासून मंद करावे लागले. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौकात आतल्या बाजूला वळलेला आरसा ठेवला तर दुपारी मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत काय जाईल, याची कल्पना करावी. मॅट फिनिश ऊन पसरवतं, बोटांचे ठसे आणि ओरखडेही लपवतं. आणि मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर मे महिन्यात स्टील हात लावण्यासारखं नसतं. तिथे दगडाचा ओटा असू द्यावा.

एवढं सामान समजलं की आकाराचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. स्टीलमध्ये माणसाचा चेहरा करू नये असं माझं मत आहे. गालाचा, ओठाचा उतार दोन्ही दिशांनी वळतो. मेण वितळवून ओतलेल्या ब्राँझमध्ये तो सहज येतो. पत्रा मात्र ठोकून, ताणून, तुकडे जोडून तिथवर न्यावा लागतो आणि तरी चेहरा अनोळखीच राहतो. महापुरुषांचे पुतळे ब्राँझमध्येच शोभतात. पत्रा खुशीनं वाकतो तो एका दिशेनं. कापड, पान, पंख, लाट, खांब हे त्याचे आकार. आणि असा एक आकार या जिल्ह्याच्या घरचा आहे. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब कापड, आणि त्यावर पंचीकरणाचं, म्हणजे पंचमहाभूतांच्या तत्त्वविचाराचं, लिखाण. अक्षरांनी भरलेलं, घडी पडलेलं, उलगडत जाणारं लांब वस्त्र. पत्र्याच्या स्वभावाशी याहून जवळचा विषय शोधूनही सापडणार नाही. रोलिंग मशीनवर घड्या वळवता येतात, अक्षरं लेझरनं कापता येतात, आणि भोकांमुळे वाऱ्याचा जोरही थोडा कमी होतो. बीडच्या खजाना विहिरीच्या भूमिगत पाण्याच्या वाटा, पाटोदा तालुक्यातल्या नायगावचे मोर, उसाच्या फडातली पात हेही आहेतच. मोराचा मोह सगळ्यात आधी होईल. तो आवरता आला तर बरं, कारण पोलादी मोर आता कुठल्याही शहरात दिसतात आणि पासोडी फक्त अंबाजोगाईची आहे.

जागेचा नियमही पाहावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 जानेवारी 2013 च्या आदेशानं सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या उपयोगाच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली. रस्त्यांच्या सुशोभनाची कामं त्यातून वगळली. या सवलतीचा आधार घेऊन वाहतुकीच्या बेटावर काहीही उभं करावं, असा त्याचा अर्थ नाही. वळणावर दृष्टी अडत असेल तर उत्तम शिल्पसुद्धा तिथे अपघाताचं कारण ठरतं. बाग, बसस्थानकाचं आवार, वाचनालयासमोरचं पटांगण, तलावाचा काठ या जागा बऱ्या. तिथे माणूस थांबतो, आणि शिल्पाला थांबलेला माणूस लागतो. बीडपर्यंत 17 सप्टेंबर 2025 पासून रेल्वे आली आहे. स्थानकासमोरचं आवार हीसुद्धा आता विचार करण्यासारखी जागा.

निविदेचा एक दोष तर मुळावरच येतो. फॅब्रिकेशनचा दर आपल्याकडे बहुधा किलोवर ठरतो. किलोनं पैसे मिळणार असतील तर कारागीर जाड पत्रा आणि सरळ पाइप वापरणार. वळण, घासकाम आणि आतली जोडणी हे त्याच्या दृष्टीनं फुकटचं काम. म्हणजे शिल्पात ज्याला मोल आहे नेमकं त्याचेच पैसे मिळत नाहीत. या पुस्तकातल्या नमुना निविदेत म्हणूनच पैसे टप्प्यांवर बांधले आहेत: संरचना अभियंत्याची सही असलेलं रेखाटन, पत्र्याचं चाचणीपत्र, आतल्या बाजूचे सांधे झाकण्यापूर्वीची तपासणी, पायाचं काम, घासकाम, आणि अनावरणानंतरच्या दोन पावसाळ्यांनी मिळणारा शेवटचा हप्ता. वर्तमानपत्रात फोटो येऊन गेल्यावरही कुणालातरी त्या शिल्पाकडे यावंसं वाटलं पाहिजे, हा त्या शेवटच्या हप्त्याचा उपयोग.

चौथा सांधा इथूनच सुरू होतो, करणाऱ्याचा सांभाळणाऱ्याशी. मुंबईत हाजी अलीजवळ पिलू पोचखानवाला यांचं 'स्पार्क' हे शिल्प होतं. आज ते तिथे नाही. सार्वजनिक शिल्प गंजून जातं त्याहून जास्त वेळा ते कुणाचंच नसल्यामुळे जातं. दीपमाळ बांधणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर बांधकामातच ठेवलं होतं. दिवे लावायचे तर कुणीतरी वर चढलंच पाहिजे. जो चढेल त्याला सुटलेला दगड दिसणार, सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप दिसणार. देखभाल हे वेगळं काम नव्हतंच. ते उत्सवातच येत होतं. पोलादी शिल्पातही हे करता येतं. आत शिरायला झाकण, चढायला कड्या, खाली पाणी निघून जायला भोक, आणि वर्षातून एक ठरलेला दिवस. साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुणं, प्रत्येक बोल्टाला पाना लावून बघणं, डाग दिसला तर त्याचा फोटो तारखेसह वहीत चिकटवणं. बीड आणि अंबाजोगाईच्या आयटीआयमधल्या वेल्डर ट्रेडच्या मुलांना हे काम प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. पालिकेला तपासणी मिळेल, मुलांना खऱ्या सांध्यांचं शिक्षण.

पुस्तक वाचायची रीत ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. शेडमधल्या कारागिरानं वेल्डिंग आणि पॉलिशची प्रकरणं आधी घ्यावीत. त्यात समीकरणं नाहीत, आकृत्या आहेत. कलाशिक्षकांनी आणि शिल्पकारांनी पत्र्याच्या स्वभावाचं प्रकरण वाचल्याशिवाय मातीला हात लावू नये. पालिकेच्या अभियंत्यानं वारा, पाया आणि निविदा ही तीन प्रकरणं वाचली तरी चालेल. नगरसेवकांना वेळ कमी असतो. त्यांनी निदान तपासणीची यादी पाहावी आणि अनावरणाच्या आधी ती हातात घेऊन शिल्पाभोवती एक फेरी मारावी. हिशोबाचे तक्ते ठोकताळ्यासाठी दिले आहेत. त्यांच्यावरून थेट काम सुरू करू नये. संरचना अभियंत्याची सही ही प्रत्येक शिल्पाची पहिली अट.

शेवटी एक मागणी, जी कुठल्याही निविदेत आजच घालता येईल. आपल्याकडे स्टीलच्या तांब्यावरसुद्धा नाव घालायची रीत आहे. कुणी दिला, कोणत्या लग्नात दिला, तारीख काय, सगळं कोरलेलं असतं. चौकातल्या कोनशिलेवर मात्र अनावरण करणाऱ्यांची नावं असतात आणि शिल्प करणाऱ्यांची नसतात. यापुढे बीडमध्ये पोलादी शिल्प उभं राहिलं तर त्याच्या बुडाशी आणखी एक पट्टी वेल्ड करावी. तिच्यावर शिल्पकाराचं नाव, सांधे मारणाऱ्या वेल्डरचं नाव, सांगाड्यावर सही करणाऱ्या अभियंत्याचं नाव, पत्र्याची जात, आणि पुढच्या तपासणीची तारीख. ती तारीख उलटून गेली असेल तर ते जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही वाचता येईल, आणि कोणाला विचारायचं हेही वरच लिहिलेलं असेल.